यूकेतली थंडी, गॅस-विजेची बिलं आणि सरकारी मदत: आपली ज्येष्ठ मंडळी अर्ज का करत नाहीत?

मिडलंड्सकर | ७ डिसेंबर २०२५, २१:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीत एक मराठी काकू एकट्या राहतात. वय ७९. सत्तरच्या दशकात लग्न होऊन लेस्टरला आल्या, होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉकवर शिवणकाम केलं, काकांबरोबर पै पै साठवून छोटं टेरेस घर (रांगेतलं, भिंतीला भिंत लागलेलं) घेतलं. काका तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. या आठवड्यात डबा द्यायला गेलो तर काकू घरातच ओव्हरकोट घालून बसल्या होत्या. हॉलच्या दाराला खालून टॉवेलची गुंडाळी लावलेली, रेडिएटर थंडगार, खिडकीच्या चौकटीत काळ्या बुरशीची रेघ. स्मार्ट मीटरचा डिस्प्ले ड्रॉवरमध्ये उपडा घालून ठेवलाय. म्हणाल्या, "ते आकडे पळताना बघवत नाहीत रे."

उत्पन्न विचारलं, आणि माझ्यावर विश्वास म्हणून त्यांनी सांगितलंही. मधली काही वर्षं नोकरी नव्हती, त्यामुळे स्टेट पेन्शन (सरकारी पेन्शन) अपुरी. त्यात काकांच्या कारखान्याच्या पेन्शनचा निम्मा वाटा. सगळं मिळून आठवड्याला २०५ पौंडांच्या आसपास. यातच कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर), किराणा, फोन, गॅस, वीज सगळं आलं.

सरकारी मदतीचा विषय काढला तर चेहराच बदलला. "पन्नास वर्षं इथे काढली, कुणापुढे हात पसरला नाही. आता या वयात पसरू?" पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं: त्यांना नक्की काय काय मिळू शकतं? आणि ज्यांच्या आईवडिलांनी, सासूसासऱ्यांनी असाच हट्ट धरला होता त्यांनी त्यांना कसं वळवलं?

माझं मत आधीच सांगतो. ही मदत अर्जावर ठेवणंच चुकीचं आहे. ज्यांना सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच माणसं फॉर्म भरत नाहीत.

---

कोथरूडकर | ७ डिसेंबर, २२:०५

वाचून धक्का बसला. आम्हाला इथे बसून वाटतं तिकडे म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं. घरात बसून थंडीने कुडकुडायची वेळ येते हे माहीतच नव्हतं.

---

शेकोटी | ७ डिसेंबर, २३:१८

मिडलंड्सकर, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी आमच्या गावातल्या सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते. अशा काकू प्रत्येक हिवाळ्यात भेटतात, मराठी, गुजराती, पंजाबी, गोऱ्या, सगळ्या.

सगळ्यात आधी पेन्शन क्रेडिट. याचं नाव ऐकून लोकांना वाटतं काहीतरी कर्ज आहे. तसं नाही. एकट्या राहणाऱ्या पेन्शनरचं उत्पन्न आठवड्याला २२७.१० पौंडांपेक्षा कमी असेल तर सरकार तेवढ्यापर्यंत भर घालतं (जोडप्यासाठी ३४६.६०, हे २०२५-२६ चे दर). काकूंचे २०५ असतील तर आठवड्याला साधारण २२ पौंड. वर्षाचा हिशोब केला तर अकराशेच्या पुढे जातो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पेन्शन क्रेडिट आठवड्याला दोन पौंड मिळालं तरी त्याच्यामागे बाकीची दारं उघडतात. वॉर्म होम डिस्काउंट म्हणजे हिवाळ्यात वीजबिलातून १५० पौंड वजा. कोल्ड वेदर पेमेंट म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तुमच्या भागाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्य किंवा त्याखाली गेलं, किंवा जाणार असा अंदाज असला, की दर वेळी २५ पौंड आपोआप खात्यात. कौन्सिल टॅक्समध्ये सवलत. वय ७५ च्या वर आहे म्हणून टीव्ही लायसन्स फुकट, तेच वर्षाला १७४.५० पौंड (२०२५-२६ चा दर).

विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे पेन्शनरांना हिवाळ्यातल्या हीटिंगसाठी मिळणारी रक्कम, वेगळं. या वर्षी (२०२५-२६) इंग्लंड आणि वेल्समध्ये २२ सप्टेंबर १९५९ च्या आधी जन्मलेल्यांना ते आपोआप येतंय: घरटी २०० पौंड, ८० च्या पुढे ३००. एकट्याचं वार्षिक करपात्र उत्पन्न ३५,००० च्या वर असेल तर एचएमआरसी (कर खातं) ते करातून परत घेतं. काकूंना त्याचं पत्र आलं असणार, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पैसे जमा होतात. पासबुक बघायला सांगा.

आता मला तीन गोष्टी कळवा: गॅस-विजेचं बिल कुणाच्या नावावर आहे? बचत किती? भारतात घर, जमीन, एफडी काही आहे का? आणि हो, घर स्वतःचं आहे याने काही बिघडत नाही. राहतं घर मोजत नाहीत.

---

तर्कनिष्ठ | ८ डिसेंबर, ०८:३०

कटू वाटेल, पण बोलतो. काकूंबद्दल सहानुभूती आहेच. तरीही ज्यांच्या नावावर कर्ज फिटलेलं घर आहे त्यांना मदत, आणि ती देणार कोण? भाड्याच्या एका खोलीत राहणारा पंचविशीचा मुलगा, ज्याचं अर्धं वेतन भाड्यात जातं आणि ज्याला स्वतःचं घर कधी होईल याची खात्री नाही. विंटर फ्युएल पेमेंट १९९७ मध्ये सुरू झालं तेव्हा पेन्शनर म्हणजे गरीब असं समीकरण होतं. आज ३४,००० उत्पन्न असलेल्या पेन्शनरलाही ते मिळतं, आणि २०,००० कमावणाऱ्या, दोन लहान मुलं असलेल्या आईला ते मिळत नाही. २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ते फक्त पेन्शन क्रेडिटसारखे लाभ घेणाऱ्यांपुरतं केलं तो निर्णय मला योग्यच वाटला होता. जून २०२५ मध्ये माघार घेतली ती मतांच्या भीतीने.

गरज बघून द्या. वय बघून नको.

---

जुना लेस्टरकर | ८ डिसेंबर, ११:५२

तर्कनिष्ठ, तुमचं म्हणणं वाचलं. माझं वय ८१. मी १९६८ मध्ये या देशात आलो, फाउंड्रीत रात्रपाळी केली, शेवटपर्यंत नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठी पगारातून कापली जाणारी वर्गणी) भरला. २०२४ मध्ये ज्या सुमारे एक कोटी पेन्शनरांचे हे पैसे बंद झाले त्यात मी होतो. माझं उत्पन्न पेन्शन क्रेडिटच्या रेषेच्या जेमतेम वर. रेषेखाली असतो तर सगळं मिळालं असतं; रेषेच्या वर चार पौंड होतो म्हणून काहीच नाही. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं दुपारी लायब्ररीत जाऊन बसायचो, कारण तिथे ऊब असायची. तिथे आणखी ओळखीचे चेहरे दिसायचे. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं.

तुम्ही म्हणता गरज बघून द्या. बघणार कोण? फॉर्म बघणार. आणि सरकारच्या स्वतःच्या अंदाजानुसार पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्या साधारण तीन कुटुंबांपैकी एक ते घेतच नाही. गरजेच्या नावाखाली तुम्ही त्या तिसऱ्या घराला थंडीत ठेवता. वय बघून सरसकट दिलं तर काही श्रीमंतांना जातं, कबूल. ते करातून परत घ्या, आता घेतायत तसे. गारठलेल्या माणसाचं मात्र नंतर काही परत करता येत नाही.

या वर्षी पत्र आलं, नोव्हेंबरात पैसे आले, कुठे अर्ज करावा लागला नाही. असंच हवं.

---

सई_हॅरो | ८ डिसेंबर, १२:१०

जुना लेस्टरकर काका, प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

---

रात्रपाळीची नर्स | ८ डिसेंबर, १५:४५

तर्कनिष्ठ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण वेगळ्या कारणाने. या धाग्यात सगळे पेन्शनरांबद्दल बोलतायत. आमच्यासारख्यांचं काय? मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. नवऱ्याची नोकरी गेली, लेक दीड वर्षाची. भाड्याच्या घरात प्रीपेमेंट मीटर. कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, दहा पौंड भरायचे, थंडीत ते दोन दिवस जेमतेम पुरतात. एका रात्री आपत्कालीन क्रेडिटही संपलं आणि सकाळी लेकीचं दूध गरम करायला गॅस नव्हता. शेजारच्या बाईंच्या घरी जाऊन गरम करून आणलं.

आमच्या व्हिसावर "सार्वजनिक निधीचा लाभ नाही" असा शिक्का आहे. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) नाही, म्हणून वॉर्म होम डिस्काउंट नाही. कर मात्र सगळ्यांसारखाच भरतो.

---

शेकोटी | ८ डिसेंबर, १९:२०

नर्सताई, दीड वर्षाचं बाळ घरात असताना गॅस संपू देऊ नका. खालच्या गोष्टी व्हिसाला बाधा आणत नाहीत.

आजच तुमच्या गॅस-विजेच्या कंपनीला फोन करून प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये (जास्त काळजी घ्यायच्या ग्राहकांच्या यादीत) नाव घाला. हा सरकारी लाभ नव्हे, कंपनीची जबाबदारी आहे. पाच वर्षांखालचं मूल घरात असलं की नाव घालतात. मीटर रिकामा झाला आणि भरायला पैसे नसले तर "मी असुरक्षित ग्राहक आहे, ॲडिशनल सपोर्ट क्रेडिट द्या" असं स्पष्ट सांगा. ते उसने पैसे असतात, पुढे हप्त्याने वळते करतात, पण त्या दिवशीचा चुलीचा प्रश्न सुटतो. फूड बँकेकडे किंवा सल्ला केंद्राकडे प्रीपेमेंटवाल्यांसाठी फ्युएल व्हाउचर असतात. ते धर्मादाय संस्थांच्या पैशातून येत असतील तर सार्वजनिक निधीत मोडत नाहीत; कुणाच्या पैशातून आहेत ते तिथेच विचारून घ्या. कौन्सिलकडे अडचणीतल्या घरांसाठी हाउसहोल्ड सपोर्ट फंड आहे (एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड येतोय), पण तुमच्या व्हिसावर तो घ्यावा का, हे आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. इथे कुणाच्या सांगण्यावर विसंबू नका, माझ्याही नाही.

दोन वर्षांखालचं मूल किंवा ७५ च्या पुढची, आधार नसलेली व्यक्ती असलेल्या घरात ग्राहकाच्या मनाविरुद्ध प्रीपेमेंट मीटर बसवायला २०२३ पासून बंदी आहे. त्या हिवाळ्यात लोकांच्या घरात शिरून मीटर बसवल्याचं उघडकीला आलं, तेव्हा हे नियम कडक झाले. तुमचं मीटर तुम्ही राहायला येण्याआधीपासूनचं असेल, पण बदलून मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. घरमालकाला कळवून कंपनीशी बोला.

---

मिडलंड्सकर | ८ डिसेंबर, २१:३०

शेकोटी, आज काकूंकडे गेलो. बिलं मागितली तर एक बिस्किटांचा डबा आला, त्यात १९९० पासूनची बिलं रबर बँड लावून. बिल अजून काकांच्याच नावावर आहे! डायरेक्ट डेबिट जॉइंट खात्यातून जायचा, तो आता काकूंच्या खात्यातून जातो, पण नाव बदललेलं नाही. "त्यांचं नाव कशाला काढायचं" म्हणाल्या. मी पुढे काही बोललो नाही.

बचत आठ हजार पौंडांच्या आत. साताऱ्याजवळ सासरच्या घरात दिरांबरोबर सामाईक हिस्सा आहे. आणि दर वर्षी जानेवारीत दोन महिने बहिणीकडे पुण्याला जातात. तिकीट बहिणीचा मुलगा काढतो.

---

शेकोटी | ८ डिसेंबर, २२:४०

बिलावरचं नाव ही आपल्या समाजात मला दिसणारी सगळ्यात मोठी अडचण आहे. वॉर्म होम डिस्काउंटसाठी सरकार आपल्या यादीतली नावं कंपनीच्या यादीशी ताडून बघतं. लाभ घेणाऱ्याचं किंवा जोडीदाराचं नाव बिलावर लागतं. वारलेल्या माणसाच्या नावावर बिल असेल तर जुळणी होतच नाही, आणि मदत आली नाही एवढंच कळतं, का ते कळत नाही. कंपन्यांकडे निधन झालेल्यांच्या खात्यांसाठी वेगळी टीम असते. मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग एवढंच लागतं. काकूंना हवं असेल तर काकांच्या नावाची जुनी बिलं त्या डब्यात राहू देत, त्यांना कुणी हात लावत नाही.

बचत १०,००० च्या आत असेल तर ती मोजतच नाहीत. वर असेल तर प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. साताऱ्याचा हिस्सा मात्र सांगावाच लागेल. परदेशातली मालमत्ताही भांडवलात येते. वाटणी न झालेल्या हिश्शाला बाजारात गिऱ्हाईक मिळणं अवघड असतं, त्यामुळे त्याची किंमत बरेचदा कमी धरली जाते, पण ते ठरवणं त्यांचं काम. लपवायचं नाही. लपवलेलं उघडकीला आलं तर घेतलेले पैसे परत करावे लागतात, आणि काकूंसारख्या बाईला ती नामुष्की थंडीपेक्षा जास्त लागेल.

पुण्याची वारी: चार आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं ठरलं असेल तर पेन्शन क्रेडिट थांबतं. जाण्याआधी कळवायचं, परत आल्यावर पुन्हा अर्ज करायचा. विंटर फ्युएल पेमेंटला याचा त्रास नाही, कारण तिथे सप्टेंबरमधल्या ठरावीक आठवड्यात तुम्ही इथले रहिवासी होतात का एवढंच बघतात.

---

जुना लेस्टरकर | ८ डिसेंबर, २३:०२

या चार आठवड्यांच्या नियमात आमच्या मंडळातली निम्मी मंडळी येतील. थंडीत सांधे धरतात म्हणूनच तर लोक भारतात जातात. आणखी एक, कायमचं परत जाणाऱ्यांसाठी सांगतो: भारतात स्थायिक झालात की ब्रिटिश स्टेट पेन्शन त्या रकमेवर गोठते, दर वर्षीची वाढ मिळत नाही. माझा एक मित्र नाशिकला गेला. अजून जुन्याच दराने पेन्शन घेतोय.

---

हिमकण_मिनेसोटा | ९ डिसेंबर, ०४:१५

अमेरिकेतलं थोडं. इथे लो इन्कम होम एनर्जी असिस्टन्स प्रोग्रॅम आहे, १९८१ च्या कायद्याने आलेला, सगळे लिहीप म्हणतात. केंद्र सरकार राज्यांना पैसे देतं, राज्यं वाटतात. वयाची अट नाही, उत्पन्नाची आहे. घरात म्हातारं माणूस, लहान मूल किंवा अपंग व्यक्ती असेल तर प्राधान्य. पण तिथल्यासारखी हमी नाही. त्या वर्षाचा निधी संपला की पात्र असूनही रिकाम्या हाताने परत. पात्र घरांतला लहानसा वाटाच दर वर्षी पोहोचतो. या वर्षी तर एप्रिलमध्ये कार्यक्रम चालवणारा केंद्रातला सगळा कर्मचारीवर्ग कमी केला, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारच बंद राहिलं, आणि पैसे राज्यांकडे उशिरा आले. तोवर आमच्याकडे बर्फ पडलेला.

एक गोष्ट चांगली आहे. मिनेसोटात कोल्ड वेदर रूल आहे. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात कंपनीशी हप्ते ठरवून ते भरत राहिलात तर हीटिंग तोडता येत नाही. तिकडे असं काही आहे का?

---

शेकोटी | ९ डिसेंबर, ०९:०५

आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात एकट्या राहणाऱ्या पेन्शनरचा गॅस किंवा वीज तोडता येत नाही. काकूंना हे जरूर सांगा. बऱ्याच जणी "बिल थकलं तर कनेक्शन तोडतील" या भीतीने हीटिंगच लावत नाहीत.

---

डब्लिनची वैनी | ९ डिसेंबर, ०९:४०

आयर्लंडमध्ये फ्युएल अलाउन्स आहे. आठवड्याला ३३ युरो, हिवाळ्याचे २८ आठवडे, जानेवारी २०२६ पासून ३८. आठवड्याच्या आठवड्याला येत असल्याने माणूस तो गॅसवरच खर्च करतो. एकरकमी २०० आले की आधी नातवंडांची ख्रिसमसची खरेदी होते. :)

---

सई_हॅरो | ९ डिसेंबर, १०:०२

वैनी, आमच्या आजी अगदी अश्शाच! २०० आले की ५० देवाला, ५० पुतणीच्या बाळाला, आणि स्वतः दोन स्वेटर एकावर एक.

अवांतर: कुणी इलेक्ट्रिक ब्लँकेट वापरतं का? गोधडी पुरत नाहीये.

---

विटांचं घर | ९ डिसेंबर, १३:२५

सई, जरूर घ्या. ब्लँकेट साधारण १०० वॅटचा असतो. रात्रभर चालला तरी एक युनिट होईल न होईल, म्हणजे आजच्या (डिसेंबर २०२५ च्या) दराने २६ पेन्स. पंख्याचा हीटर मात्र तासाला दोन युनिट खातो, तो एकट्या खोलीसाठी स्वस्त वाटतो पण वीज गॅसच्या चौपट महाग आहे. गॅसचा युनिट ६ पेन्सच्या जरासा वर. काकूंना सांगा, हीटर लावण्यापेक्षा बॉयलर लावून ज्या खोलीत बसता तेवढेच रेडिएटर उघडे ठेवा.

"प्राइस कॅप (गॅस-विजेच्या दराची ठरवलेली मर्यादा) १,७५५ पौंड" हा २०२५ च्या ऑक्टोबर-डिसेंबरचा आकडा वाचून लोकांना वाटतं यापुढे बिल जाणारच नाही. तसं नाही. कॅप दरावर आहे, बिलावर नाही. तो आकडा वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा. आणि काहीही न वापरता विजेचे ५४ आणि गॅसचे ३४ पेन्स रोज स्थिर आकाराचे जातात. वर्षाला ३२० पौंड झाले की हो, एकही रेडिएटर गरम न करता! काकूंसारख्या काटकसर करणाऱ्या माणसाच्या बिलात हाच भाग सगळ्यात मोठा दिसतो.

मी घरं तपासण्याचं काम करतो. हे जुने लेस्टर-बर्मिंगहॅमचे टेरेस बघा: नऊ इंची भरीव विटेची भिंत, मध्ये पोकळी नाही, लाकडी फरशीखाली वारा. २०० पौंड दिले तरी ऊब भिंतीतून बाहेर जाते. काकूंच्या खिडकीतली बुरशी थंड पृष्ठभागावर वाफ बसल्याने येते. कुकर, भात, चहा, आतच वाळत घातलेले कपडे, आणि गार भिंत. ती नुसती पुसून जात नाही, खोली किमान १८ अंशांवर ठेवावी लागते.

---

तर्कनिष्ठ | ९ डिसेंबर, १८:१०

विटांचं घर यांनी माझ्या मनातलं लिहिलं. दर वर्षी पैसे वाटण्यापेक्षा एकदाच भिंती आणि माळे नीट करा. जुना लेस्टरकर काका, रेषेच्या चार पौंड वर असल्याने सगळं जाणं हा अन्याय आहे, तो मुद्दा मी मान्य करतो. म्हणून मी सोशल टॅरिफच्या बाजूचा आहे: कमी उत्पन्नाच्या घराला युनिटचाच दर कमी, वय कितीही असो. नर्सताईंनाही मिळेल.

---

विटांचं घर | ९ डिसेंबर, १८:५५

तत्त्वतः सहमत, पण अंमलबजावणी बघून वाईट वाटतं. भिंतींना बाहेरून इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) लावायची ईसीओ योजना होती, ऊर्जा कंपन्यांकडून करून घेतलेली. नॅशनल ऑडिट ऑफिसने (सरकारी खर्च तपासणारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मध्ये अहवाल दिला की या योजनेत बाहेरून इन्सुलेशन केलेल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष आहेत. गरिबांच्या घरात ओल आणि बुरशी आधीपेक्षा वाढली. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात ती योजनाच बंद करायचं ठरलं. त्याचा आणि इतर काही आकारांचा बोजा बिलातून काढून एप्रिल २०२६ पासून सरासरी १५० पौंड वाचतील म्हणतात. बिल कमी होईल हे चांगलंच. भिंत मात्र तशीच राहणार.

काकूंसाठी एकच सांगतो. दारावर येऊन "फुकट इन्सुलेशन, इथे सही करा" म्हणणाऱ्याला आत घेऊ नका. कौन्सिलमार्फतच जा. माळ्यावरचं इन्सुलेशन आणि दार-खिडक्यांच्या फटी बुजवणं आधी, भिंती नंतर.

---

नवा_स्लाव | ९ डिसेंबर, १९:३०

फसवणुकीवरून आठवलं. "विंटर हीटिंग सबसिडीसाठी लिंकवर क्लिक करा" असे मेसेज माझ्या सासऱ्यांना आले. लिंकमध्ये बँकेचा तपशील मागत होते. सरकार असा मेसेज पाठवत नाही, विंटर फ्युएल पेमेंट आपोआप येतं. आपापल्या घरच्या ज्येष्ठांना आजच सांगा.

---

अनघा_कॉव्हेंट्री | १० डिसेंबर, १४:४०

मिडलंड्सकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी नीट दिलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईही अशाच. मुलाने समजावलं, मी समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी जमलं ते असं. त्यांची मैत्रीण, त्यांच्याच वयाची, तशीच कारखान्यातली नोकरी केलेली, तिला पेन्शन क्रेडिट मिळत होतं. ती आमच्याकडे चहाला आली आणि सहज म्हणाली, "अगं, मी पाच वर्षं घेतेय. कारखान्यात आपण भरलेल्या पैशातूनच चालतं हे." नंतर तिनेच फोन लावला, सासूबाई शेजारी बसल्या, नॅशनल इन्शुरन्सचा नंबर स्वतः सांगितला.

आपण तरुण माणसांनी सांगितलं की त्यांना वाटतं आपण त्यांना गरीब ठरवतोय. बरोबरीच्या माणसाने सांगितलं की ते पटतं. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक टेबल लावून ठेवा, ज्यांना मिळतं त्याच बायकांना तिथे बसवा. आम्ही गेल्या वर्षी लावलं होतं. पहिल्या तासात कुणी फिरकलं नाही, मग एक जण आली, आणि मग रांग लागली.

---

जुना लेस्टरकर | १० डिसेंबर, १६:२०

अनघा, हे मनापासून पटलं. मिडलंड्सकर, काकू लेस्टरच्या असतील तर माझी पत्नी त्यांच्याकडे जाईल. दोघी होजिअरीतल्याच निघतील. खाजगी निरोपात पत्ता कळवा, आधी काकूंना विचारून.

---

मिडलंड्सकर | १८ डिसेंबर, २०:५०

धागा वर काढतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

लेस्टरकर काकी रविवारी गेल्या. दोघी एकाच रस्त्यावरच्या दोन कारखान्यांत होत्या, एकाच चहाच्या सुट्टीत बाहेर यायच्या, पण ओळख आत्ता झाली. सोमवारी पेन्शन क्रेडिटचा फोन काकूंनी स्वतः लावला, मी फक्त बिस्किटांचा डबा धरून बसलो होतो. साताऱ्याचा हिस्सा सांगितला. वीज-गॅसच्या कंपनीला दाखल्याची प्रत गेली, खातं त्यांच्या नावावर होतंय. विंटर फ्युएलचे २०० आधीच जमा झाले होते, त्यांनी बघितलंच नव्हतं. आता दिवाणखान्याचा रेडिएटर १८ वर आहे.

शेकोटी, एक शंका. अर्ज तीन महिने मागे लागू होतो म्हणाले. मग या हिवाळ्याचा १५० चा डिस्काउंट मिळेल का?

---

शेकोटी | १८ डिसेंबर, २२:१५

फार आनंद झाला! दुर्दैवाने या वर्षीचा डिस्काउंट नाही मिळायचा. त्याची पात्रतेची तारीख २४ ऑगस्ट २०२५ होती, आणि तीन महिने मागे गेलं तरी आपण सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच पोहोचतो. शिवाय बिलावर तेव्हा काकांचं नाव होतं. पुढच्या हिवाळ्यासाठी ऑगस्टच्या आधी सगळं जागेवर असेल. कोल्ड वेदर पेमेंट मात्र क्रेडिट मंजूर झाल्यावर या हिवाळ्यातही लागू होईल. निर्णयाचं पत्र आलं की त्याच आठवड्यात कौन्सिल टॅक्सच्या सवलतीचा वेगळा अर्ज करा, तो आपोआप होतोच असं नाही. आणि जानेवारीचं पुण्याचं तिकीट चार आठवड्यांच्या आत बसतंय का ते काकूंना विचारा.

---

रात्रपाळीची नर्स | १९ डिसेंबर, ०७:५५

शेकोटीताई, रजिस्टरमध्ये नाव गेलं. कंपनीने सपोर्ट क्रेडिट दिलं, हप्ता आठवड्याला तीन पौंड ठरला. मीटर बदलायला घरमालकाचीही हरकत नाही. नवऱ्याची सोमवारी मुलाखत आहे.

---

माधव_एडिनबरा | १९ डिसेंबर, ११:३०

स्कॉटलंडमध्येही हेच नियम आहेत का? आईला कोल्ड वेदर पेमेंट कधी आलेलं दिसत नाही.

---

शेकोटी | १९ डिसेंबर, १२:०५

नाही, तिथे वेगळं आहे. स्कॉटलंडमध्ये कोल्ड वेदर पेमेंटऐवजी विंटर हीटिंग पेमेंट मिळतं: तापमान कितीही असो, वर्षातून एकदा ठरावीक रक्कम. विंटर फ्युएलच्या जागी पेन्शन एज विंटर हीटिंग पेमेंट आहे. दोन्ही सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड देतं. पहिल्यासाठी पेन्शन क्रेडिटसारखा एखादा लाभ सुरू असावा लागतो, आणि पेन्शन क्रेडिटचे नियम तिथेही इंग्लंडसारखेच आहेत. तेव्हा आधी आईंचं उत्पन्न बघा.